वेढ्यातले शहर आणि त्याचे वर्तमानपत्र



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्याने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा, असा एक जुना संकेत आहे. तो आम्ही पाळीत नाही. कारण व्याख्यान संपेपर्यंत ती गोष्ट आपल्या ध्यानात आपोआप येईलच. आज आम्ही युद्धाविषयी बोलणार आहोत, पण सेनापतींविषयी नव्हे. युद्ध चालू असता ज्यांना पाणी भरावे लागते, चूल पेटवावी लागते, मुलांना झोपवावे लागते, अशा साध्या माणसांविषयी आणि त्यांची बातमी लिहिणाऱ्यांविषयी हे बोलणे आहे.

एक घरची आठवण प्रथम सांगतो. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही मुंबईच्या एका दैनिकात नवशिके उपसंपादक होतो. शहरात अंधारबंदी होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवून आम्ही रात्रपाळी करीत होतो. आपल्या आरमाराने कराची बंदरावर हल्ला केला आणि तिथल्या तेलाच्या टाक्या पेटल्या, ती बातमी आम्ही पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मथळा देऊन लावली आणि सकाळी मोठ्या ऐटीत गिरगावातल्या आमच्या चाळीत परतलो. नळावर एक आजी हंडा लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “काय रे, तुझ्या पेपरात रॉकेलचं काही आलंय का?” आम्ही हसलो. दुपारी कचेरीत हा किस्सा सांगितला, तेव्हा सगळेच हसले. त्या दिवशीच्या अंकात कराचीच्या जळत्या तेलाविषयी पानभर मजकूर होता; आमच्या चाळीच्या रॉकेलविषयी एक ओळही नव्हती.

आजी चुकल्या नव्हत्या, आम्ही चुकलो होतो, हे समजायला आम्हांस वीस-बावीस वर्षे लागली. ते समजावून दिले ते युरोपातल्या एका शहराने आणि त्या शहराच्या वर्तमानपत्राने. शहराचे नाव सारायेव्हो, पत्राचे नाव ‘ओस्लोबोजेन्ये’. या शब्दाचा अर्थ ‘मुक्ती’.

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्यापैकी वडील मंडळींना परके वाटणार नाही. मार्शल टिटो आणि पंडित नेहरू यांची मैत्री आपण ऐकून आहोत. टिटो १९८० मध्ये वारले आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत ते राष्ट्र फुटले. त्यातल्या बोस्निया या प्रांताची राजधानी सारायेव्हो. तिथे मुसलमान, सर्ब आणि क्रोएट असे तिन्ही लोक एकाच बोळात, एकाच जिन्यावर राहत. भाषा एक, लग्नेही पुष्कळदा आपसात झालेली. १९८४ मध्ये तिथे हिवाळी ऑलिंपिकचे सामने झाले होते. शहराची ठेवण मात्र युद्धाला फार वाईट. मध्ये नदी, तिच्या काठाने लांबट वस्ती आणि चारी बाजूंनी डोंगर. साताऱ्यात उभे राहून अजिंक्यताऱ्याकडे पाहावे आणि त्यावर शत्रूच्या तोफा आहेत अशी कल्पना करावी. तसा एक नव्हे, भोवतीचा प्रत्येक डोंगर.

५ एप्रिल १९९२ रोजी वेढा सुरू झाला असे धरतात. तो संपला २९ फेब्रुवारी १९९६ रोजी. एकंदर १,४२५ दिवस. बोस्नियातल्या सर्ब राष्ट्रवाद्यांच्या सैन्याने डोंगर धरले आणि वीज, पाणी, गॅस ज्या वाटांनी शहरात येई त्या वाटा आपल्या मुठीत ठेवल्या. या कहाणीशी आपलाही एक धागा जुळतो. संयुक्त राष्ट्रांनी त्या मुलखात जे शांतिसैन्य धाडले त्याचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून वर आलेले अधिकारी. त्यांना काम नेमून दिले होते ते क्रोएशियातले. सारायेव्हो शांत आहे म्हणून मुख्यालय तिथे थाटले. महिना दोन महिन्यांत त्या शहरावरच आग बरसू लागली आणि मे १९९२ मध्ये मुख्यालयच तिथून हलवावे लागले. जगाच्या अंदाजाची ही गत होती.

आता वर्तमानपत्राकडे वळू. ‘ओस्लोबोजेन्ये’चा पहिला अंक ३० ऑगस्ट १९४३ रोजी निघाला, नाझींशी लढणाऱ्यांचे ते पत्र. पुढे राज्य साम्यवाद्यांचे आले आणि पत्र सरकारी वळणाचे झाले. १९८८ मध्ये मात्र एक नवल घडले. संपादक कोण असावा हे पक्षाने न ठरवता पत्रातल्या लोकांनी ठरवले आणि केमाल कुर्सपाहिच यांना निवडले. वेढा पडला तेव्हा हेच संपादक होते. त्यांच्या हाताखाली गोर्दाना क्नेझेविच ही बाई उपसंपादक. संपादक मुसलमान घरचे, बाई सर्ब घरच्या, आणि बाकीच्या टेबलांवर तिन्ही जातींची माणसे. शहराबाहेर जे युद्ध चालले होते ते ‘ही माणसे एकत्र राहू शकत नाहीत’ हे सिद्ध करण्यासाठी. आणि ती माणसे तर रोज रात्री एका टेबलाभोवती बसून अंक काढीत होती. तोफखान्याला या पत्राचा राग का यावा, हे वेगळे सांगावयास नको.

पत्राची इमारत होती शहराच्या पश्चिम कडेला, विमानतळाच्या बाजूस. दोन उंच मनोरे, आणि समोर अगदी नजरेच्या टप्प्यात शत्रूचे मोर्चे. मजल्यामागून मजले ढासळू लागले. १९९२ च्या जूनमध्ये एका रात्री इमारत पेटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंक निघाला! कसा निघाला? इमारतीच्या तळघरात अणुयुद्धाच्या भीतीने बांधून ठेवलेला एक आसरा होता. टिटोंच्या काळात त्याची बहुधा थट्टाच झाली असेल. तिथे खाटा टाकून मोजकी माणसे आठवडा-आठवडा मुक्काम करीत. ये-जा म्हणजे गोळीशी गाठ. म्हणून एकदा आत गेलेला माणूस सात दिवसांनी बाहेर पडे. छपाईचे यंत्र तळाशी होते म्हणून वाचले. वीज नव्हती, डिझेलवर चालणारे जनित्र होते, पण डिझेल कुठून आणायचे? ते मागून, भांडून, हातापाया पडून मिळवावे लागे. कागद संपत आला तेव्हा पाने घटली, प्रती घटल्या. मिळेल त्या रंगाचा कागद वापरला. अंक वाटणारी व्यवस्था कोलमडली, तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांनीच गठ्ठे खांद्यावर घेतले आणि चौकात उभे राहून अंक विकले. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचे मोल अधिक कळेल. लेख लिहिणे सोपे. तो स्वतः रस्त्यावर विकताना वाचकाच्या डोळ्याला डोळा भिडवणे कठीण.

किंमतही द्यावी लागली. वेढा पडून चार दिवस होतात न होतात तोच, ९ एप्रिल १९९२ रोजी, झ्वोर्निक या गावचा त्यांचा वार्ताहर क्याशिफ स्मायलोविच मारला गेला. गाव पडत असताना तो आपल्या कचेरीतून हलला नव्हता. त्याच जुलैत त्यांचा छायाचित्रकार साल्को होंडो कामावर असताना ठार झाला. शहरातून पत्राच्या इमारतीकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर डोंगरातले नेमबाज टपून बसत. तिथे मोटार भरधाव हाकावी लागे. अशाच धावपळीत मोटारींची टक्कर होऊन खुद्द संपादकांचा पाय मोडला.

आता कोणी विचारील, आणि विचारावेच, की एवढ्या जिवावरच्या खटाटोपातून जे चार पानांचे पत्र निघे त्यात असे होते तरी काय? जगाच्या राजकारणाची बातमी? ती नभोवाणीवर मिळे. मोटारीची बॅटरी जोडून लोक रेडिओ ऐकत. लोक प्राण पणाला लावून पत्र घेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

ते समजण्यासाठी त्या शहराचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा लागेल. नळ कोरडे. डोंगराच्या कुशीतल्या जुन्या बिअरच्या कारखान्याला स्वतःचा झरा होता. अर्धे शहर तिथे डबे घेऊन रांगेत उभे राही. कोणी ते डबे बाबागाडीतून ओढी, कोणी मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीतून. सरपणासाठी बागांतली झाडे संपली. मग कपाटे, जमिनीच्या फळ्या, जुने जोडे, आणि शेवटी पुस्तके. डब्यांच्या पत्र्याची चूल करीत. दिव्याला पेल्यात पाणी, त्यावर बोटभर तेल आणि तेलात तरंगती वात. आपल्या देवघरातला नंदादीपच म्हणा ना. अन्न येई ते बहुतेक मदतीच्या विमानांतून. ती विमाने जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत चालली. बर्लिनच्या प्रसिद्ध हवाई पुलाहून अधिक काळ. १९९३ च्या जुलैअखेर विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरांचा एक बोगदा पुरा झाला. त्यातून माणसे वाकून वाकून पिठाची पोती आणीत. आणि हे सगळे करताना रांगेत उभे राहणे हाच मोठा धोका! २७ मे १९९२ रोजी पावासाठी उभ्या असलेल्या रांगेवर गोळे पडले आणि वीसहून अधिक माणसे मेली. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात एका गोळ्याने ६८ माणसे मेली.

अशा शहरात ‘आज पाणी कुठे आहे’ ही बातमी मुख्य बातमी नव्हे काय? पाव आज भाजला की नाही, कोणता चौक आज टाळावा, हे ज्याला कळले तो संध्याकाळी घरी परतण्याचा संभव अधिक. आमच्या चाळीतल्या आजी हेच विचारीत होत्या.

पण त्या पत्रातले सर्वांत अधिक वाचले जाणारे पान निराळेच होते. ते निधनवार्तांचे. आपल्याकडेही पुष्कळ वाचक पत्र मागून उघडतात. कोण गेले ते आधी पाहतात, मग राजकारण. त्या मुलखात ही चाल फार जुनी. मृताचे नाव, छोटे छायाचित्र, आप्तांची नावे आणि वर एक खूण: मुसलमान असेल तर चंद्रकोर, ख्रिस्ती असेल तर क्रूस, धर्म न मानणारा असेल तर तारा. टेलिफोन मेले होते. शहराच्या एका टोकाचा भाऊ गेला हे दुसऱ्या टोकाच्या बहिणीला या पानावरून कळे. दफनभूमी अपुरी पडली म्हणून जिथे ऑलिंपिक झाले त्या भागातल्या फुटबॉलच्या मैदानात थडगी खणली. त्या मैदानातल्या माणसांची नावे रोज सकाळी या पानावर येत. चंद्रकोर, क्रूस आणि तारा एकाच पानावर, शेजारी शेजारी. डोंगरावरच्या तोफांना जे एकत्र नको होते ते या पानावर एकत्र होते. या एका पानाहून मोठा अग्रलेख त्या युद्धात कोणी लिहिला असेल असे आम्हांस वाटत नाही.

याच वेढ्यात आणखी एक अजब पुस्तक निघाले. ‘फामा’ नावाच्या एका गटाने १९९३ मध्ये ‘सारायेव्होत जिवंत राहण्याची मार्गदर्शिका’ अशा अर्थाचे पुस्तक तयार केले. प्रवाशांसाठी हॉटेले आणि प्रेक्षणीय स्थळे सांगणारी पुस्तके असतात ना, हुबेहूब त्या थाटाचे. मदतीच्या डब्यांतून आणि भुकटीतून काय रांधावे, तांदळापासून दारू कशी गाळावी, रस्ता कसा ओलांडावा, सारे शांतपणे सांगितलेले. वाचताना हसू येते आणि मग घशात अडकते. ही थट्टा नव्हे. आपण नुसते मरणारे नाही, आपण अजून नागरिक आहोत, हे सांगण्याची ती रीत होती.

येथवर आतल्यांचे झाले. बाहेरून आलेल्या वार्ताहरांचे काय? तेही पुष्कळ आले. त्यांतले कित्येक शूर होते आणि काही मेले. तरीही शहरातल्या लोकांचा त्यांच्यावर एक राग होता आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. धोक्याच्या चौकात छायाचित्रकार यंत्र रोखून उभे राहत. का, तर कोणी धावत जाईल आणि कदाचित त्याला गोळी लागेल म्हणून. गोळी घालणाराही वाट पाहतो आणि चित्र घेणाराही वाट पाहतो. धावणाऱ्याने या दोघांत फरक कसा करावा? उत्तर सोपे नाही. त्या चित्रांवाचून जगाला काही कळले नसते हेही खरे. पण पडलेल्या माणसाचे चित्र जगाला हवे असते आणि न पडता पाणी घरी नेणाऱ्याचे नको असते, ही खोड वार्ताहराची तशीच वाचकाचीही आहे.

या खोडीला बळी न पडलेली एक वार्ताहर म्हणजे बार्बरा डेमिक. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाने तिला पाठवले. तिने सारे शहर सोडून ‘लोगाविना’ ही एकच गल्ली धरली. तिथे तिन्ही जातींची कुटुंबे. या घरी आज काय शिजले, त्या घरचा मुलगा मोर्चावरून आला की नाही, कोणाच्या घरी काय जाळून शेगडी पेटली, हे ती पुन्हापुन्हा जाऊन विचारी आणि लिही. १९९६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. दहा हजार मेले या वाक्याने वाचकाचा चहा थंड होत नाही. पण ज्या बाईने काल चूल कशी पेटवली ते आपण वाचले, तिच्या दारात आज गोळा पडला, म्हणजे हातातली बशी खाली ठेवावी लागते. हीच रीत तिने पुढे उत्तर कोरियाविषयी लिहिताना वापरली. सारा देश सोडून एका शहरातल्या मोजक्या माणसांच्या आठवणी धरल्या.

मात्र आम्ही येथे आरती ओवाळावयास उभे नाही. वेढ्यातल्या पत्रकाराची खरी परीक्षा डोंगरावरून येणाऱ्या गोळ्याने होत नाही. ती होते आपल्याच बाजूच्या पापाने. शहराच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्यांत काही गुंडांच्या टोळ्याही होत्या. त्यांतल्या एका टोळीच्या नायकाच्या माणसांनी शहरातल्याच सर्ब नागरिकांना घरांतून ओढून नेले, मारले आणि कझानी नावाच्या डोंगरातल्या घळीत टाकले. ही माणसेही वेढ्यातलीच. तोच पाव, तेच पाणी, तीच रांग. पण त्यांच्याविषयी लिहिले की ‘शत्रूच्या हाती कोलीत दिलेत’ असे ऐकावे लागते. हे प्रकरण सविस्तर छापले ‘दानी’ या नियतकालिकाने, १९९७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. तेव्हाही गदारोळ उठलाच. आम्ही येथे पंख्याखाली बसून त्या काळच्या संपादकांना दोष देणार नाही. इतके मात्र म्हणू की, नागरिकांची बातमी लिहिण्याचे व्रत घेतले तर नागरिक कोणत्या बाजूचा हे विचारण्याची मुभा राहत नाही. निधनवार्तांच्या पानाने जो धर्म पाळला तोच पहिल्या पानानेही पाळावा लागतो, आणि तो तिथे शतपटीने अवघड आहे.

आता शेवटचा आणि कडू प्रश्न. या सगळ्याने झाले काय? १९९३ मध्ये युरोपीय संसदेने ‘ओस्लोबोजेन्ये’ला साखारोव्ह पारितोषिक दिले, पण पारितोषिकाने वेढा उठला नाही. जग रोज सकाळी बातमी वाचत होते आणि रोज संध्याकाळी शहरावर गोळे पडत होते. तीन वर्षे जगाने वाचले आणि पान उलटले. २८ ऑगस्ट १९९५ रोजी मार्काले बाजारावर पुन्हा गोळे पडून ४३ माणसे मेली, तेव्हा कुठे मोठी राष्ट्रे खरोखर हलली. डिसेंबर १९९५ मध्ये तहावर सह्या झाल्या. बातमी तोफ बंद करते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी सारायेव्होकडे पाहावे. बातमीला हात नसतात.

पण बातमीला स्मरण असते. वेढा घालणाऱ्या सैन्याचा एक सेनापती स्तानिस्लाव गालिच याला हेगच्या न्यायालयाने नागरिकांत दहशत पसरविल्याबद्दल दोषी धरले आणि २००६ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. नागरिक चुकून मेले नाहीत, त्यांना ठरवून मारले, हे तिथे मांडावे लागले. आणि ते मांडायचे म्हणजे कोण माणूस, कोणत्या रांगेत, कोणत्या दिवशी, हातात काय घेऊन उभा होता, हेच मांडायचे. २०१२ मध्ये, वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, सारायेव्होच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या. मेलेल्या प्रत्येकासाठी एक, रिकामी. मोजून मांडता आल्या, कारण कोणीतरी नावे लिहून ठेवली होती.

आणि त्याहून साधी एक गोष्ट. सकाळी चौकात पत्र आले की लोकांना कळे, शहर अजून आहे. ज्याच्या घरात वीज नाही, पाणी नाही, भाऊ नाही, त्याच्या हातात आजची तारीख घातलेला एक कागद येतो. आजची तारीख हीच त्या कागदावरली पहिली बातमी. ती वाचून माणूस डबा उचलतो आणि पाण्याला जातो.

मित्रहो, युद्धाच्या बातम्या आपल्या वाट्याला पुढेही येणार आहेत. कधी दूरच्या, कधी जवळच्या. त्या वाचताना, ऐकताना, पाहताना नकाशावरचे बाण पाहून आपला ऊर भरून येईल. येऊ द्या, माणसाला ते चुकत नाही. पण त्याच वेळी एक प्रश्न आपल्या वर्तमानपत्राला विचारीत जा: तिथली बाई आज पाणी कुठून आणते? दोन्हीकडची. हा प्रश्न वाचकांनी विचारला तरच वार्ताहर त्याचे उत्तर शोधायला जाईल. एरवी त्याला दुसरी कामे पुष्कळ आहेत.

चाळीतल्या त्या आजींना आम्ही १९७१ मध्ये उत्तर दिले नाही. पुढे त्या वारल्या. त्यांच्या निधनाचे चार ओळींचे वृत्त आम्हीच लावले. रॉकेलची बातमी मात्र द्यायची राहूनच गेली. ते देणे आज आपल्यासमोर बोलून थोडेसे फेडले.